पंधराशेव्या दिवसाची दुरुस्ती

"बंद कराची गरजच नाही जी सर. चालत्या बैलाच्या खुरातला काटा काढणारा माणूस आहो मी," असं पतिराम सकाळी सव्वाआठ वाजता म्हणाला. म्हणताना तो खुर्चीत इतका मागे रेलला होता की खुर्चीलाच पुढची काळजी वाटावी. नंतरच्या तीन तासांत बेहळटोल्याच्या कॉलेजात जे जे झालं, त्याचा पाया या एका वाक्यात आहे.

कोहमाऱ्याहून अर्जुनी मोरगावकडे जाताना तलावाच्या पाळीला पाठ टेकवून बसलेली जी पिवळी इमारत दिसते, ते हे कॉलेज. साडेतीनशे विद्यार्थी, चौदा प्राध्यापक आणि एक सर्व्हर. हा सर्व्हर म्हणजे देवघराएवढा काळा डबा. कॉलेजचा प्रत्येक कागद, प्रत्येक अहवाल आणि प्रत्येक कार्यक्रमाचा प्रत्येक फोटो त्याच्या पोटात होता. बाकीच्या खोल्यांतले संगणक फक्त तोंडं. पोट हे एकच.

त्या पोटाचा वैद्य पतिराम. वय त्रेचाळीस, हुद्दा संगणक चालक, कंत्राटी. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने रुजू व्हायचं, म्हणजे सलग नोकरी झाली असं कोणाला म्हणता येत नाही. त्या एका दिवशी पतिराम दाढीही करत नसे. नोकरीचं सुतक असल्यासारखा अंगणात बसून राही. असे अकरा करार झाले होते, बारावा चालू होता. त्याची बायको भागीरथा काही बोलत नसे, पण सासरे दर पोळ्याला चारचौघांत ओळख करून देत, "हे आमचे जावई. अजून कायम व्हायचे आहेत." ऐकणाऱ्याला वाटे की जावईपणच अजून पक्कं व्हायचं आहे.

आणि आज तो दिवस आला होता. अकरा वाजता कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. प्राचार्य केशोराव यांनी महिनाभर आधीच पतिरामला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, आवाज खाली आणून सांगितलं होतं की समिती खूश झाली आणि जाताना तुमच्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहून गेली, तर तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः संस्थेकडे घेऊन जाईन. पतिरामला महिनाभर स्वप्नात फक्त दोन ओळी दिसत होत्या. अक्षर लागत नव्हतं, पण ओळी दोनच होत्या.

आणि त्याच दिवशी सकाळी आठला त्यानं एक फोटो उघडायला घेतला, तर सर्व्हर म्हणाला, वाचता येत नाही. दुसरा उघडला, तोही नाही. तिसऱ्यात वृक्षारोपणाचे पाहुणे कंबरेपर्यंत उघडले आणि खाली नुसता करडा पट्टा.

पतिरामनं निदान केलं. डिस्कवर कोणती फाइल कुठं ठेवली आहे याची एक नोंदवही असते. ती नोंदवही आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ राहिला नव्हता. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि बांधावर दुसराच उभा, तसं. अशा वेळी एक तपासणीचा प्रोग्राम चालवायचा. तो सगळी जमीन फिरून मोजणी करतो आणि नोंदी दुरुस्त करतो. फक्त एकच अट. मोजणी चालू असताना शेतात कोणी नांगर घालायचा नाही. म्हणजे सर्व्हर बंद करून, डिस्क मोकळी करून, मगच मोजणी.

"किती वेळ लागते?" केशोरावांनी विचारलं.

"बंद करून केलं तर अर्धा तास."

"बंद?" केशोराव असे दचकले जणू कोणी त्यांनाच बंद करायची गोष्ट काढली होती. "पतिराम, बोर्ड पाहिला का बाहेरचा?"

बोर्डाची हकीकत अशी. चार वर्षांपूर्वी सर्व्हरच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे भाषणाच्या भरात म्हणून गेले होते की ही ज्ञानाची अखंड ज्योत आहे, ही विझू देऊ नका. पाहुणे विसरले. केशोराव विसरले नाहीत. त्यांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर एक काळा फळा लावला: 'आमचा सर्व्हर अखंड सुरू: दिवस', आणि पुढे खडूनं आकडा. छोटेलाल शिपाई रोज सकाळी आल्या आल्या जुना आकडा पुसे आणि त्यात एक मिळवून नवा लिही. रविवारी कॉलेज बंद, म्हणून सोमवारी दोन मिळवी. या कामात त्यानं चार वर्षांत एकदाही चूक केली नव्हती. समितीला पाठवलेल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर हे ठळक अक्षरांत छापलं होतं. आणि योगायोग असा जुळवून आणला होता की समितीच्या भेटीच्या दिवशी बरोबर पंधराशेवा दिवस यावा. फळ्याभोवती झेंडूचा हार होता. खाली रीना मॅडमनी रांगोळीत १५०० काढलं होतं.

"बंद केला की आकडा परत एक," केशोराव म्हणाले. "रांगोळी काय पुसाची का आता?"

इथं पतिरामनं ते बैलाचं आणि काट्याचं वाक्य म्हटलं. दोन ओळी त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होत्या. त्यानं चालत्या सर्व्हरवर मोजणीचा हुकूम दिला आणि सर्व्हरनं लगेच लाल अक्षरांत इशारा दिला.

केशोराव खांद्यावरून वाकले. "काय म्हणून राहिला?"

"म्हणते, डिस्क वापरात आहे. अशात दुरुस्ती केली तर गंभीर नुकसान होईल. खरंच पुढं जायचं का?"

केशोराव सरळ झाले. बत्तीस वर्षं ते शासकीय परिपत्रकं वाचत आले होते. प्रत्येकाच्या तळाशी लिहिलेलं असे की विलंब झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल आणि सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. बत्तीस वर्षांत कोणी कसली दखल घेतली नव्हती. "सगळ्याच कागदाच्या खाली असं लिहून राहते," ते म्हणाले. "हो म्हणा."

पतिराम हो म्हणाला.

मग मोजणी सुरू झाली आणि मोजणीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. या फाइलला मालक दिसत नाही, उचलून बाजूला ठेवू? या एका जागेवर दोन फाइली हक्क सांगतात, दोघींना वेगळं काढू? या नोंदीत लिहिलंय एक आणि जागेवर आहे दुसरंच, नोंद बदलू? पहिले पाचपंचवीस प्रश्न पतिरामनं नीट वाचले. न्यायाधीशासारखा विचार करून तो 'वाय'चं बटण दाबे, म्हणजे हो. पण प्रश्न संपेनात. ऐंशी झाले, दीडशे झाले. एका प्रश्नाला हो म्हटलं की चालत्या सर्व्हरवर तेवढ्यात नवीन काही लिहिलं जाई आणि आधी सोडवलेल्याच भांडणातून नवीन भांडण निघे.

केशोरावांनी घड्याळ पाहिलं आणि सुचवलं की उत्तर दरवेळी हो हेच असेल तर ते द्यायला शिकलेला माणूस कशाला? छोटेलालला बसवा. पतिरामला ते पटलं. सगळ्याला एकदमच हो म्हणायची सोय त्या प्रोग्राममध्ये असते हे त्याला माहीत होतं, पण ऐन वेळी ती आठवली नाही, आणि पुढे आठवली तेव्हा कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

छोटेलालनं हात धुतले, बटणाला नमस्कार केला आणि बसला. वीस मिनिटांत त्यानं नऊशे वेळा हो म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. कॉलेजात इतक्या वर्षांत त्याला कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आलं की दुरुस्ती पूर्ण झाली. पतिरामनं टेबलावर थाप मारली आणि फोटोंचा कप्पा उघडला.

कप्पा रिकामा होता.

पतिरामनं इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आणि शेवटी सापडलं. मोजणीला ज्या फाइलींचा मालक, पत्ता, नाव काही लागत नाही, त्यांना ती 'हरवलं-सापडलं' नावाच्या एका कप्प्यात नेऊन टाकते. मंडईच्या जत्रेत चुकलेली लेकरं चौकीत बसवतात तसं. त्या चौकीत आता तीन हजार आठशे सोळा लेकरं बसली होती. एकालाही नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसते सहा आकडी क्रमांक.

"फोटो तर हायत ना?" केशोरावांनी विचारलं.

"फोटो हायत जी. कशाचे हायत ते नाही समजत."

रीना मॅडमना बोलावलं. कॉलेजचे सगळे उपक्रम त्याच घेत आणि फोटोही त्याच काढत. त्या आत्मविश्वासानं बसल्या. पहिला फोटो: स्टेज, पाच खुर्च्या, मधल्या खुर्चीत केशोराव, शाल, नारळ. "हे पर्यावरण दिनाचं." दुसरा फोटो: स्टेज, पाच खुर्च्या, मधे केशोराव, शाल, नारळ. "हे... ग्राहक दिनाचं असेल." तिसऱ्याला त्यांनी पहिला पुन्हा उघडून पाहिला. विसाव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला.

बॅनर दिसला असता तर प्रश्न मिटला असता. पण कॉलेजाकडे बॅनर तीनच होते, आणि नाव बदलताना त्यावर कागद चिकटवत. लांबून काढलेल्या फोटोत तो कागद म्हणजे नुसता पांढरा चौकोन. प्रत्येक कार्यक्रमात तेच स्टेज, तेच सतरंजीवरचे साठ विद्यार्थी, तोच नारळ. रीना मॅडमनी हळूच कबूल केलं की नारळ खरोखर तोच होता. तो कपाटात राही.

केशोरावांनी स्वतःचे केस पाहून साल ओळखायचा प्रयत्न केला. नव्या वर्षाचा कलप ताजा, केस काळे असतील तर जानेवारी, कलप उतरून पिंगट असतील तर मार्च. पण जानेवारी कुठला, हे केसांवरून कळेना. इतिहास आणि भूगोल हे दोन विभाग एकाच फोटोवर हक्क सांगायला आले आणि चालत्या डिस्कवर झालेलं भांडण आता खोलीत उभं राहिलं.

दहाला पाच कमी होते. पतिराम मनातल्या मनात सासऱ्यांना पोळ्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागला. तेवढ्यात सुशिलाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या.

सुशिलाबाई कॉलेजचं कॅन्टीन चालवत. चालवत म्हणजे रोजंदारीवर, दहा बाय दहाच्या पत्र्याखाली, एकट्या. त्यांनी पतिरामपुढे कप ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "हे त बावीसच्या पोळ्याच्या आधीचं होय. दूध फाटलं होतं त्या दिवशी."

"कशावरून?" केशोरावांनी विचारलं.

"पाहा ना सर, तुमच्या हातात बिनदुधाची चाय हाय."

खरंच होती. पतिरामनं पुढचा फोटो लावला. सुशिलाबाई म्हणाल्या, "ते योग दिवसाचं. आलुपोहे केले होते, तर्री वेगळी. हे सगळे झोपले हायत ना, फोटोपुरते. पण हे दोघं खरंच झोपले. उठवाले मीच गेली होती." पुढचा फोटो. "हे मतदार जागृती. हे झालंच नाही. बॅनर लावून फोटो काढला, आठच आलुबोंडे सांगतले होते तुमी. खऱ्या कार्यक्रमाले साठ लागतात."

पतिराम उठून उभा राहिला. सर्व्हरची हरवलेली नोंदवही त्याच्यापुढे हिरव्या काठाच्या लुगड्यात ट्रे धरून उभी होती. ती कधी बंद पडत नव्हती, तिला मोजणी लागत नव्हती, आणि एकाच जागेवर दोन फाइलींनी हक्क सांगितला तर ती सरळ सांगत होती की एक खोटी आहे.

"बाई, बसा," तो म्हणाला आणि स्वतःची खुर्ची दिली. चुलीवर चहा चढवलेला आहे असं बाईंनी सांगितलं, तेव्हा केशोरावांनी भूगोलाच्या प्राध्यापकांना चुलीकडे पाठवलं.

मग दोघं जे काही सुटले! सारख्या दिसणाऱ्या शंभर-शंभर फोटोंचे गठ्ठे करून पतिराम एकेक पुढे करी, सुशिलाबाई सांगत आणि तो त्यांचं बोलणं जसंच्या तसं फाइलच्या नावात टाईप करी. शुद्ध भाषेत आणायला वेळ नव्हता. नंतर सुधारू, असं तो दर पाच मिनिटांनी म्हणे. छोटेलाल वारा घालत होता. रीना मॅडम पाण्याचा ग्लास धरून उभ्या होत्या. गठ्ठ्यागठ्ठ्यांनी हजार लागले, दोन हजार आठशे झाले, तीन हजार झाले. मघापर्यंत भांडणारा इतिहास विभाग आता दर शंभराला टाळ्या वाजवत होता.

एका फोटोपाशी सुशिलाबाई हसल्या. "हे मुंगवड्याचं. चटणी मी याच खोलीत केली होती."

"या खोलीत?" पतिरामचं बोट बटणावरच थांबलं. "इथं काऊन?"

"कॅन्टीनचं प्लग जळलं ना, दोन वर्षं झाली. अर्ज देला होता मी सरले. मंग काय करू? चटणी असली की येते सकाळी, या डब्याची पिन काढते, मिक्सर लावते, फिरवते आणि पिन परत लावून देते. आपोआपच चालू होते तो. कोणाले त्रास नाही."

पतिरामनं अतिशय हळू, बॉम्बची वायर कापावी तसा, सर्व्हरला एक प्रश्न टाईप केला: तू किती दिवसांपासून सुरू आहेस? हा प्रश्न त्यानं चार वर्षांत एकदाही विचारला नव्हता, कारण उत्तर फळ्यावर लिहिलेलं असे.

सर्व्हर म्हणाला, दोन दिवस.

परवा मुंगवडे होते.

म्हणजे डिस्कच्या नोंदी बिघडल्या त्या याच मिक्सरपायी. दर आठवड्याला मध्येच पिन उपटली, की लिहिता लिहिता हात धरल्यासारखं सर्व्हरचं होत होतं. आणि ज्या अखंड ज्योतीसाठी मोजणी चालत्या शेतात केली, ती ज्योत दर चटणीला विझत होती. अर्धा तास सर्व्हर बंद केला असता तर रांगोळी सोडून कशाचंच काही बिघडलं नसतं.

"मंग बोर्ड पुसू का?" छोटेलालनं विचारलं. चार वर्षांच्या बेरजा त्याच्या चेहऱ्यावर दिसत होत्या.

"बोर्डाले हात लावू नको," केशोराव म्हणाले.

आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. समिती वीस मिनिटं आधी आली होती.

समितीत तिघं होते, पण बोलणाऱ्या एकच: अध्यक्ष मॅडम. तीस वर्षं त्यांनी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवलं होतं, आणि त्यांचा चेहरा असा होता की त्याच्यासमोर माणूस आपण न केलेल्या चुकाही आठवू लागे. हार-तुरे त्यांनी हातानंच बाजूला केले. अहवालाचं पहिलं पान वाचून त्या म्हणाल्या की आधी तो पंधराशे दिवसांचा सर्व्हर दाखवा.

त्या थेट पतिरामच्या खुर्चीत बसल्या. कप्पा उघडाच होता. नावं सुधारायची राहून गेली होती. मॅडमनी एकेक नाव मोठ्यानं, एकाही शब्दावर जोर न देता वाचायला सुरुवात केली.

"वृक्षारोपण बावीस, पाहुणे आले, समोसे. वृक्षारोपण तेवीस, तोच खड्डा, झाड नवीन. वृक्षारोपण चोवीस, तोच खड्डा, तेच झाड, पाहुणे नवीन." त्यांनी चष्म्यावरून केशोरावांकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. "स्वच्छता अभियान, कचरा आधी टाकावा लागला. महिला सक्षमीकरण शिबिर, चार पुरुष बोलले, चहा मी केला."

"हे कोणी केलं?" मॅडमनी विचारलं.

आपल्याकडे जबाबदारी नेहमी पाण्यासारखी उताराकडे धावते, आणि त्या खोलीत उतार चांगलाच होता. केशोराव घाईघाईनं म्हणाले, "संगणकाचं सगळं पतिराम पाहतात, मॅडम."

पतिरामला समोर दोन ओळी दिसल्या आणि त्या दोन्हींवर काट मारलेली दिसली. बारा करार, सासरे, अंगण, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. निदान तेरावा करार तरी वाचावा म्हणून तो म्हणाला, "मी फक्त टाईप केलं जी मॅडम. एक शब्द माझा नाही. सगळं या सुशिलाबाईनं सांगतलं. पाहिजे तर लिहून देतो."

"द्या," मॅडम म्हणाल्या. पतिरामनं तिथल्या तिथं लिहून दिलं. सहीखाली तारीख टाकली, वेळही टाकली.

सुशिलाबाईंच्या खाली उतारच नव्हता. त्या ट्रे छातीशी धरून म्हणाल्या, "हो, मीच सांगतलं. कायले? चुकलं का काही?"

मॅडमनी अजून नाव न दिलेला एक क्रमांक उघडला: स्टेज, पाच खुर्च्या, शाल, नारळ. सुशिलाबाई म्हणाल्या, हे वाचन दिवसाचं, बालुशाही होती, आणि तो तिसरा माणूस तीन खाऊन चौथी खिशात घालून गेला. मॅडमनी फोटो मोठा केला. तिसऱ्या माणसाच्या खिशावर तेलाचा गोल डाग होता.

त्यानंतर मॅडमनी एक कप चहा मागितला, तो सावकाश प्यायल्या आणि आपल्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. दोन ओळींहून खूपच जास्त.

पुढचे पंधरा दिवस केशोराव रोज डाक येण्याआधी दोनदा हनुमानाच्या देवळात जाऊन येत. मग अहवाल आला. श्रेणी आली नेहमीचीच, ना खाली ना वर. पण शेवटच्या पानावर खास शेरा होता, आणि केशोरावांनी तो पतिरामला फोनवर वाचून दाखवला: संस्थेच्या कार्याची इतकी प्रामाणिक आणि जिवंत नोंद समितीने आजवर कुठेही पाहिली नाही; ही नोंद ज्या व्यक्तीमुळे शक्य झाली, त्या व्यक्तीस संस्थेने तातडीने कायम करावे.

पतिराम त्या वेळी अर्जुनी मोरगावच्या बाजारात होता. त्यानं तिथंच दोन किलो पेढे घेतले. भागीरथाला फोन केला. मग सासऱ्यांना केला. सासरे प्रथमच त्याला नुसतं 'जावई' म्हणाले, पुढे काही न जोडता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेहळटोल्यानं पेढे खाल्ले आणि लोक विचारू लागले की पगार किती होईल.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. संस्थेनं शेऱ्याचा मान राखून अभिलेख विभागात सहायक हे कायम पद भरलं होतं. पदावर नेमणूक होती सुशिलाबाईंची. ती व्यक्ती नेमकी कोण, याबद्दल पुढे शंका निघू नये म्हणून मॅडमनी संस्थेला परस्पर एक कागदही पाठवला होता. तो पतिरामच्याच अक्षरात होता. सही होती, तारीख होती, वेळही होती.

आणखी दोन महिन्यांनी पतिरामचा बारावा करार संपला. एक दिवस तो दाढी न करता अंगणात बसला, आणि दुसऱ्या दिवशी नव्या कराराचा फॉर्म घेऊन गेला. फॉर्मला या वेळी एक नवीन रकाना होता: काम समाधानकारक असल्याबद्दल अभिलेख विभागाचा अभिप्राय.

सुशिलाबाई सर्व्हरच्या खोलीत नव्या टेबलामागे बसल्या होत्या. त्यांनी फॉर्म घेतला, पेनचं टोपण काढलं, आणि जुन्या ओळखीनं, अगदी आपुलकीनं विचारलं, "पतिरामभाऊ, खरं लिहू का चांगलं लिहू?"

पतिरामनं पाच मिनिटं विचार केला.

"चांगलं," तो म्हणाला.